केडगावचा आनंदकल्लोळ

२९ जून १९०५, गुरुवार. पहाटेचे साडेतीन वाजले होते. पुणे–सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावी, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात निजलेली एक मुलगी दचकून जागी झाली. शेजारच्या अंथरुणावरली मैत्रीण ज्वाळांनी वेढलेली तिला दिसली. ती धावत खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली, पाण्याने भरलेली बादली उचलून आणली आणि अंगावर ओतणार, एवढ्यात तिच्या ध्यानात आले की आग कुठेच लागलेली नाही.

तासाभरात आवारातल्या बहुतेक तरुण मुली तिथे जमल्या. कुणी रडत होत्या, कुणी प्रार्थना करत होत्या, कुणी आपली पापे मोठ्याने कबूल करत होत्या. जिच्यावर ज्वाळा दिसल्या होत्या ती मधोमध बसून प्रभूने आपल्यासाठी काय केले ते सांगत होती. दुसऱ्या दिवशी, ३० जूनच्या संध्याकाळी, रमाबाई नेहमीप्रमाणे शांत आवाजात योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून देत होत्या. मधेच सगळ्या मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले.

ही हकीकत आपल्यापर्यंत पोचली ती मुक्तीत काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी मिनी एब्रॅम्स यांच्या लेखणीतून आणि हेलन डायर यांच्या पुस्तकातून. एब्रॅम्सबाई मूळच्या मेथडिस्ट. १८८७ साली त्या मुंबईला आल्या आणि १८९८ पासून रमाबाईंच्या जोडीला केडगावी राहिल्या. पवित्र आत्मा आणि अग्नी यांच्या बाप्तिस्म्यावरची त्यांची इंग्रजी पुस्तिका १९०६ सालची. हेलन डायर यांचे यजमान मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्राचे संपादक. भारतातल्या १९०५–०६ च्या जागृतीचा वृत्तान्त हेलनबाईंनी १९०७ साली पुस्तकरूपाने काढला. त्याच वर्षी रमाबाईंचे आत्मनिवेदन इंग्रजीतून आले. शिवाय ‘मुक्ती प्रेअर बेल’ हे संस्थेचे इंग्रजी नियतकालिक होतेच. शेजारच्या धोंडला, म्हणजे आजच्या दौंडला, अनाथ मुलांची संस्था चालवणारे अल्बर्ट नॉर्टन यांचे पत्र आहे आणि विल्यम एलिस या अमेरिकन वार्ताहराची बातमीही आहे. एवढ्या कागदांवर १९०५ ते १९०७ चे केडगाव बऱ्यापैकी उभे करता येते.

हे कागद वाचताना दोन गोष्टी विसरून चालत नाहीत. पहिली ही, की ते जवळजवळ सगळे इंग्रजीत आणि परदेशच्या देणगीदार वाचकांसाठी लिहिलेले आहेत. मराठी, गुजराती आणि हिंदी बोलणाऱ्या शेकडो मुलींनी जे केले त्याचे वर्णन चार-पाच इंग्रजी लेखण्यांनी केले. दुसरी ही, की लिहिणाऱ्यांच्या मनात प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय आधीपासून होता. पन्नासाव्या दिवशी शिष्यांवर अग्नीच्या जिभा उतरल्या हे ज्याला पाठ आहे, त्याला निजायच्या खोलीतही अग्नी दिसू शकतो. पण ती बादली मला खरी वाटते. भाविकांच्या उपयोगासाठी रचलेल्या गोष्टीत घाबरून पाणी आणायला धावणारी मुलगी कुणी घालत नाही. असा बारीक, काहीसा विनोदी तपशील आठवणीतूनच येतो. ज्वाळा कसल्या होत्या हे इतिहासाने ठरवायचे नाही. त्या दिसल्यावर माणसे कशी वागली, एवढे मात्र कागदांवरून सांगता येते.

जूनमधला हा प्रसंग आकाशातून पडला नव्हता. त्याच्या मागे सहा महिन्यांची रोजची प्रार्थना होती आणि तिच्याही मागे आठ वर्षे.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली घेऊन परतल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची धास्ती होती. केडगावची जमीन आधी घेतलेली होती, तिथे या मुलींची सोय झाली आणि ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या. हळूहळू तिथे एक लहान गावच वसले. सोडून दिलेल्या, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन, आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन, जोडीला शाळा, छापखाना, माग, शेती आणि विहिरी. १९०५ साली प्रार्थनेला बसणाऱ्या तरुण मुली म्हणजे याच दुष्काळांत वाचलेली पोरे, आता पंधरा-वीस वर्षांची झालेली.

१८९७ मध्ये लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींचे शिबिर भरले होते. रमाबाई आपल्या पंधरा मुलींना घेऊन तिथे गेल्या. एके दिवशी पहाटे त्या झाडीत एकांतात गेल्या आणि प्रभूजवळ एक हिशेबी मागणे मागितले, पुढच्या शिबिरापर्यंत या संख्येचा वर्ग व्हावा. पंधरा पंधरे दोनशे पंचवीस. आत्मनिवेदनात त्यांनी ही हकीकत अगदी सरळ लिहिली आहे, पाढ्याचा संकोच न बाळगता. प्रार्थनेच्या बाबतीत त्यांचा स्वभाव असाच होता. काय हवे ते नेमके मागायचे, संख्येने मागायचे आणि मिळाले की नाही ते तपासायचे.

१९०२ च्या सुमाराला ऑस्ट्रेलियात मोठी धर्मजागृती झाली होती. घरोघरच्या लहान प्रार्थनामंडळांतून ती उठली, अशी बातमी इकडे आली. रमाबाईंनी मुलगी मनोरमाबाई आणि मिनी एब्रॅम्स यांना तिकडे पाठवले. मग १९०४ च्या अखेरीस वेल्समधून बातम्या येऊ लागल्या. इव्हान रॉबर्ट्स या तरुणाच्या सभांत उपदेश मागे पडून गाणे आणि प्रार्थनाच तासन्‌तास चालत. वेल्सच्या मिशनचे भारतातले क्षेत्र म्हणजे खासी टेकड्या. तिथेही १९०५ च्या सुरुवातीला तसेच सुरू झाले.

त्या वर्षीच्या जानेवारीत रमाबाईंनी मुक्तीत विचारले, रोज सकाळी खास प्रार्थनेला कोण येईल? सत्तर जणी आल्या. त्या काय मागत हे रमाबाईंनी नोंदवून ठेवले आहे, आणि हा तपशील फार महत्त्वाचा आहे. स्वतःसकट भारतातल्या सर्व ख्रिस्ती लोकांचे खरे परिवर्तन व्हावे आणि प्रत्येक देशातल्या ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा, असे ते मागणे होते. म्हणजे हिंदूंनी ख्रिस्ती व्हावे हे मागणे पहिले नव्हते. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनी जिवंत व्हावे हे पहिले होते. जूनपर्यंत सत्तरांच्या साडेपाचशे झाल्या आणि दिवसातून दोनदा जमू लागल्या. त्यातच आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला जाण्यासाठी रमाबाईंनी स्वयंसेविका मागितल्या. तीस मुली उभ्या राहिल्या. त्या तीस जणी सामर्थ्यासाठी रोज प्रार्थना करत असतानाच २९ जूनची पहाट उजाडली.

पुढचे काही आठवडे मुक्तीचे वेळापत्रक मोडले. वर्गात, मागावर, कामाच्या जागी मुली एकाएकी रडू लागत. धडे थांबले. शिक्षिका आणि विद्यार्थिनी सगळ्याच प्रार्थनेच्या शाळेत दाखल झालो, असे एब्रॅम्स लिहितात. आधी पश्चात्ताप, मग कबुली, मग क्षमा मिळाल्याची खात्री, हा क्रम वृत्तान्तांत पुन्हापुन्हा येतो. पण तो तिथे संपत नाही. दिवस-दोन दिवसांनी मुली परत येत आणि म्हणत, पापे माफ झाली, पण आम्हाला अग्नीचा बाप्तिस्मा हवा. त्यानंतर जे सुरू होई त्याचे वर्णन करताना इंग्रजी लेखणीही जरा अडखळते. हसणे, टाळ्या, नाच, एकमेकींना मिठ्या आणि तासन्‌तास गाणे. शेकडो आवाज एकाच वेळी आणि प्रत्येकीचे शब्द वेगळे. कुणी कुणासाठी थांबत नसे आणि कुणी कुणाला ऐकवतही नसे.

मला येथे थोडे थांबावेसे वाटते. या मुली कसली पापे कबूल करत होत्या? दुष्काळात आईबाप गमावलेल्या, खेड्याखेड्यांतून उचलून आणलेल्या पोरींना आपण पापी आहोत म्हणून ऊर फुटेपर्यंत रडताना पाहून लिहिणाऱ्यांना समाधान वाटले. आज ते वाचताना मन साशंक होते, आणि व्हायलाच हवे. आश्रमात मोठ्यांना काय आवडते हे मुलांना चटकन कळते. एकीच्या रडण्याने दुसरी रडते. हे सगळे मान्य करूनही आनंदाचा भाग शिल्लक उरतोच, कारण त्यासाठी शिकवणी नव्हती. त्या काळच्या कुठल्याही मिशन शाळेत मुलींना नाचायला शिकवत नसत. शिकवत ते हात जोडून गप्प बसायला. रडणे अपेक्षित होते, नाचणे नव्हते. जे वरिष्ठांना अपेक्षित नव्हते आणि तरीही त्यांना लिहून ठेवावे लागले, त्यावर इतिहासकाराने जास्त विश्वास ठेवावा.

शिवाय आनंद हा या प्रार्थनेचा फक्त परिणाम नव्हता, तो तिचाच एक भाग होता. स्तोत्रसंहितेतल्या पंच्याऐंशीव्या स्तोत्रात देवाला विनवणी आहे. तू आम्हाला पुन्हा जिवंत करणार नाहीस का, आणि तुझ्या लोकांनी तुझ्या ठायी आनंद करावा, असे तिचे मागणे आहे. नवजीवन आणि आनंद तिथे एकाच दमात मागितले आहेत. मुक्तीत नेमके हेच घडताना दिसते. मुली रडून मागत आणि हर्षाने गाऊनही मागत. स्तुती चालू असतानाच आणखी कुणीतरी वितळे, आणखी कुणी कबुली देई, आणि पुन्हा स्तुती सुरू होई. मागणे संपले आणि आभार सुरू झाले अशी रेघ या कागदांत सापडत नाही.

मुलींच्या कानांना हा आवाज अगदी नवा होता का? पंचांग पाहिले तर १९०५ सालची आषाढी एकादशी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात येते. म्हणजे जूनचा शेवटचा आठवडा हा पालख्या पुणे सोडून पुढे निघण्याचा काळ. तुकोबांची पालखी आज लोणी काळभोर, यवत, वरवंड अशा मुक्कामांनी जाते, आणि वरवंड केडगावपासून जवळ आहे. यातून कार्यकारण काढणे हा बेजबाबदारपणा होईल, आणि मला तो करायचा नाही. एवढेच म्हणायचे आहे की या मुलुखात शेकडो लोकांनी एकत्र, मोठ्याने, टाळ्या वाजवत, नाचत देवाचे नाव घेणे ही रोजच्या ओळखीची गोष्ट होती. उलट चर्चच्या बाकावर ओळीने बसून एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, ही पद्धत बाहेरून आलेली होती. मराठी ख्रिस्ती मंडळीलाही हे आधीच कळले होते. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी १८६० च्या दशकातच कीर्तनाला ख्रिस्ती आख्यान दिले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक याच काळात मराठी उपासनेसाठी पदे रचत होते. पण नगरच्या कीर्तनात एक बुवा उभा असतो. केडगावात कुणी बुवा नव्हता.

बातमी पसरली तशी टीकाही आली. मिशनरी वर्तुळात अनेकांना हा गोंगाट रुचला नाही. हे अतिरेकी आहे, मुली बेभान होतात, शिस्त राहत नाही, असा सूर लागला. रमाबाईंच्या बाजूने पाहिले तर ही टीका मोठ्या अडचणीची होती. रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनात मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात, यावरून १८९३ मध्ये झालेल्या वादात पुण्यातला हिंदू सुधारक वर्ग त्यांच्यापासून दुरावला होता. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. संस्था आता परदेशच्या ख्रिस्ती देणग्यांवर चालत होती. देणाऱ्यांच्या धर्मगुरूंना न आवडणारी गोष्ट आश्रमात चालू देणे परवडण्यासारखे नव्हते. शहाण्या व्यवस्थापकाने मुलींना आवाज कमी करायला सांगितले असते.

रमाबाईंनी उलट केले. १९०७ च्या सप्टेंबरात ‘मुक्ती प्रेअर बेल’मध्ये त्यांनी या गोंगाटाचे जाहीर समर्थन लिहिले. या विषयावरचा भारतीय लेखणीतून उतरलेला इतका महत्त्वाचा दुसरा कागद माझ्या मते नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. या जागृतीत फक्त अडाणी मुलीच सापडल्या असे कुणी समजू नये. चांगल्या शिकलेल्या, सुसंस्कृत इंग्रज स्त्री-पुरुषांनाही मी त्याच अवस्थेत पाहिले आहे. भारतीयांकडे जागृती त्यांच्या स्वभावाला आणि भावनेला मानवेल अशीच येऊ द्या. त्यांना देवाने घडवले आहे, त्यांचा स्वभाव तो जाणतो, आणि तो जे करील ते पाश्चात्त्यांच्या आयुष्यभराच्या सवयींशी जुळेलच असे नाही. मिशनऱ्यांनी भारतीय मनाची धार्मिक ओढ आणि भावनेची बाजू आधी अभ्यासावी. पाश्चात्त्य शिष्टाचाराच्या मापाने सभा चालवू नयेत. आमच्या पाश्चात्त्य गुरूंनी आणि परदेशी बनलेल्या भारतीय पुढाऱ्यांनी हट्टाने आपल्याच पद्धतीने हे काम चालवायला घेतले, तर ते नक्की थांबेल किंवा बिघडेल.

‘परदेशी बनलेले भारतीय पुढारी’ हा टोला कुणाला होता ते तेव्हाच्या वाचकांना कळले असणार.

या समर्थनाची मुळे बरीच मागे जातात. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक होते. घरदार सोडून तीर्थाटन करत, देवळांत पुराणे सांगत या कुटुंबाने वर्षे काढली. रमाबाईंनी स्वतः लहानपणापासून जमलेल्या लोकांपुढे पुराण सांगितले. समुदायाचा आवाज कसा उठतो आणि कसा ओसरतो हे त्यांनी पोटासाठी शिकलेले होते. नंतर इंग्लंडला वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या मठात २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथली उपासना शांत, नेमस्त आणि ठरलेल्या शब्दांची. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार छापला गेला आहे. त्यात एक लहानसा वाद आहे. क्रुसावर लॅटिन अक्षरे होती, आणि रमाबाईंचा प्रश्न होता की संस्कृत का नकोत. मला न येणारी भाषा अधिक पवित्र कशी, हा त्यामागचा रोख. ख्रिस्त मान्य, पण ख्रिस्ताकडे कसे जायचे हे तुम्ही ठरवू नका, ही भूमिका त्यांनी पंचविशीत घेतली होती. १९०७ चा लेख त्याच भूमिकेचा पुढचा खंड आहे. त्यात त्यांनी वारकऱ्यांचे किंवा भजनाचे नाव घेतलेले नाही. हिंदू धर्माशी त्यांचे भांडण तोवर इतके खोल गेले होते की ते नाव त्यांच्या लेखणीतून येणे अवघडच. तरी भारतीय मनाची भावनेची बाजू म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे काय होते हे ओळखायला फार कष्ट पडत नाहीत.

आणखी एक गोष्ट. इंग्लंडला जाताना रमाबाईंच्या मनात वैद्यकी शिकायचे होते. कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो बेत सोडावा लागला. म्हणजे या कल्लोळाची सर्वांत मोठी वकील ही मुक्तीत सर्वांत कमी ऐकू येणाऱ्यांपैकी एक होती! यावर तेव्हाच्या टीकाकारांनी काही विनोद केला असल्यास नवल नाही.

रमाबाईंनी समर्थन केले ते डोळे मिटून मात्र नव्हे, हे एलिसच्या बातमीतून कळते. विल्यम एलिस ‘शिकागो डेली न्यूज’चा वार्ताहर. जगभरची मिशनकेंद्रे पाहत तो केडगावी आला. आवाज ऐकून तो एका मोठ्या खोलीत गेला. तिथे तीस-चाळीस मुली, साधारण बारा ते वीस वर्षांच्या, एकाच वेळी प्रार्थना करत होत्या. आवाज इतका की शब्द वेगळे काढता येईनात. कुणाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, कुणी डोलत होत्या, आणि एकीला दुसरीचे भान नव्हते. टेबलाशी एक तरुण भारतीय शिक्षिका गंभीरपणे पाहत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर नापसंती नव्हती. थोड्या वेळाने तीही दगडी फरशीवर गुडघे टेकून बसली आणि मुकाट्याने प्रार्थना करू लागली. या सगळ्या वृत्तान्तांत मला ही बाई विशेष विश्वासार्ह वाटते. ती ओरडत नाही आणि थांबवतही नाही. त्याच खोलीत मूक प्रार्थनेलाही जागा आहे.

तोवर मुक्तीत आणखी एक गोष्ट सुरू झाली होती. १९०६ च्या अखेरीस काही मुली अनोळखी भाषांत बोलू लागल्या. नॉर्टन यांनी केडगावी एका मुलीला इंग्रजीतून स्वच्छ, अस्खलित प्रार्थना करताना ऐकले आणि तिला इंग्रजी येत नाही असे त्यांना सांगण्यात आले. त्यांचे हे पत्र एप्रिल १९०७ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘अपोस्टॉलिक फेथ’ या पत्रात छापले गेले. मिशनच्या आवारात इंग्रजी कानावर पडत होतेच, तेव्हा शंका घ्यायला जागा आहे, आणि नॉर्टन यांची सचोटी मान्य करूनही ती घ्यावी. एलिसने याबद्दल विचारले तेव्हा रमाबाईंचे उत्तर सावध होते. भाषांच्या दानाचा आम्ही गवगवा करत नाही, त्या मुलींचे प्रदर्शन मांडत नाही. आमचा भर प्रेमावर आणि जगण्यावर आहे. खोटे आणि खरे निवडून काढण्याचा आमचा प्रयत्न असतो. मुलींची आयुष्ये बदलली आहेत हे मात्र नक्की, आणि अशा सुमारे सातशे आहेत. मुली कशा बदलल्या हे त्यांना रोजच्या कामातून दिसत होते. कारण प्रार्थनेचे जथे करून मुली आळीपाळीने आसपासच्या खेड्यांत जात आणि परत येऊन मागावर, शेतात, स्वयंपाकघरात कामाला लागत. एक जथा एब्रॅम्सबाईंबरोबर दौंडला नॉर्टन यांच्या मुलांकडे गेला, आणि तिथेही तेच सुरू झाले.

लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची प्रसिद्ध जागृती एप्रिल १९०६ मध्ये सुरू झाली. तिथल्या सभांवरून जगातल्या पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या, चळवळीचा जन्म मोजायची प्रथा आहे. केडगावची तारीख त्याच्या दहा महिने आधीची. अझुसाहून आलेले गार दांपत्य कलकत्त्याला उतरले ते जानेवारी १९०७ मध्ये. तेव्हा मुक्ती अमेरिकेकडून शिकली हे तारखांत बसत नाही. गॅरी मॅकगी आणि ॲलन अँडरसन या अभ्यासकांनी हा मुद्दा अलीकडे नेटाने मांडला आहे. मला मात्र पहिला कोण या शर्यतीत फारसा रस नाही. वेल्स, खासी टेकड्या, केडगाव, लॉस एंजेलिस आणि जानेवारी १९०७ मध्ये कोरियातले प्योंगयांग, सगळीकडे लोक एकमेकांच्या बातम्या वाचत होते आणि मग आपापल्या गळ्याने गात होते.

केडगावचा गळा मात्र फार लांब ऐकू गेला. एब्रॅम्स यांच्या शिकागोतल्या वर्गमैत्रीण मे हूव्हर या पती विलिस हूव्हर यांच्याबरोबर दक्षिण अमेरिकेत, चिलीतल्या वालपराइसो बंदरात मेथडिस्ट मिशनमध्ये होत्या. १९०७ मध्ये एब्रॅम्स यांची पुस्तिका त्यांच्या हाती पडली. आपल्या मंडळीत हे का नाही, असा प्रश्न हूव्हर दांपत्याला पडला आणि त्यांनी प्रार्थना सुरू केली. १९०९ मध्ये वालपराइसोत मोठी जागृती झाली. तीच टीका, तोच गोंगाटाचा आरोप. १९१० मध्ये हूव्हर मेथडिस्ट संस्थेतून बाहेर पडले आणि चिलीची स्वतंत्र मेथडिस्ट पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली. त्या देशातल्या लाखो पेंटेकॉस्टल लोकांच्या इतिहासात केडगावच्या मुलींना पहिल्या पानांत जागा आहे. महाराष्ट्राच्या भक्तीच्या इतिहासात ती अजून मिळालेली नाही.

मिनी एब्रॅम्स पुढे उत्तर भारतात कामाला गेल्या आणि १९१२ मध्ये वारल्या. रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतरात बुडाल्या. हिब्रू आणि ग्रीक घेऊन, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत, मुक्तीच्याच छापखान्यात, मुलींनी जुळवलेल्या खिळ्यांनी. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि पुरे बायबल १९२४ मध्ये निघाले. पुण्यातले स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकोल यांनी १९२६ साली त्यांचे चरित्र लिहिले. मराठी संतांचे अभंग इंग्रजीत नेणारा हा माणूस, तरीही १९०५ बद्दल त्यांनी हातचे राखून लिहिले आहे. देवदत्त नारायण टिळकांचे मराठी चरित्र १९६० चे.

या सगळ्यात एकच आवाज राहून गेला, तो गाणाऱ्या मुलींचा. त्यांच्यापैकी पुष्कळ जणींची लग्ने झाली. कुणी शिक्षिका झाल्या, कुणी बायबल सांगणाऱ्या बाया म्हणून गावोगाव फिरल्या, आणि त्यांची नातवंडे-पतवंडे आज महाराष्ट्रभर आहेत. कुणाच्या घरी आजीची गाण्यांची वही असेल, पाठीमागे नाव लिहिलेला फोटो असेल, केडगावहून आलेले एखादे मराठी पत्र असेल, तर ते रद्दीत देऊ नका. तारीख आणि नाव लिहून त्याची एक प्रत जवळच्या ग्रंथालयात किंवा अभ्यासकाकडे पोचवा. १९०५ चे केडगाव आजवर इंग्रजीतून वाचावे लागले आहे. ते मराठीतून लिहायचे तर या कागदांवाचून सोय नाही.